८० लाख सदस्य, पण पैसे किती घरांतून येतात?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी डोंबिवलीला राहतो, वय ३६. गेली अकरा वर्षे टीव्ही मालिका करणाऱ्या एका संस्थेत व्हिडिओ एडिटर आहे. पगार फार नाही, पण दर महिन्याच्या सात तारखेला खात्यात पडतो. महिन्यापूर्वी एका स्ट्रीमिंग ॲपकडून बोलावणे आले. मराठी आणि हिंदी मालिका-सिनेमे दाखवणारी कंपनी आहे, शेअर बाजारात नोंदलेली नाही. आताच्यापेक्षा चाळीस टक्के जास्त देऊ म्हणतात, पण त्यातला चौथा हिस्सा कंपनीच्या शेअरच्या रूपात, चार वर्षांत मिळून. मुलाखतीत त्यांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत '८० लाख सदस्य' दाखवले. मेहुणे म्हणतात, ८० लाख गुणिले ९९ रुपये, हिशेब कर, अशी कंपनी बुडेल कशी? बायको म्हणते, हॉटस्टारचे सहा कोटी होते, तरी डिस्नेने इथला धंदा रिलायन्सच्या हातात दिलाच ना. मला दोघांचेही पटते. घराचे कर्ज अजून चौदा वर्षांचे आहे, मुलगी दुसरीत आहे. हे आकडे वाचायचे कसे, आणि मी जावे का?

— एक एडिटर, डोंबिवली

उत्तर

प्रिय वाचकमित्र,

तुमच्या पत्रातल्या 'सात तारखेला' या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली आहे. तिच्याकडे शेवटी येतो. आधी मेहुण्यांचा गुणाकार पाहू.

१९९८ साली मी तुमच्याच डोंबिवलीत एका सीएच्या हाताखाली उमेदवारी करत होतो. आमच्या अशिलांत एक केबलवाला होता. त्याच्या जमाखर्चाची खातरजमा करायला साहेबांनी मला वसुलीच्या पोराबरोबर दोन दिवस फिरायला पाठवले. पोराच्या काखेत एक लाँगबुक असे. एका इमारतीला एक पान, एका बिऱ्हाडाला एक ओळ, आणि पुढे बारा महिन्यांचे बारा चौकोन. पैसे मिळाले की बरोबरची खूण. नाही मिळाले तर अक्षर: 'उ' म्हणजे उद्या या, 'बं' म्हणजे कनेक्शन बंद, 'गा' म्हणजे गावाला गेले. मे महिन्याच्या उभ्या रांगेत 'गा' नुसते ओघळत आलेले असत. निम्मी इमारत कोकणात उतरलेली, मग महिन्याचे पैसे कोण देणार? वहीत नावे होती ६४०. त्या मे महिन्यात पैसे दिले ३९० घरांनी. आणि चॅनेलवाल्यांचे पैसे भरताना मालक कनेक्शनची संख्या सांगत असे १८०. वायर एकच, आकडे तीन.

पुढे २०१२ पासून आधी मुंबईसारख्या महानगरांत आणि मग इतर शहरांत सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, त्यामागे ही लपवाछपवी हे एक मोठे कारण होते. स्ट्रीमिंगमध्ये गोष्ट उलटी फिरली आहे. केबलवाल्याचा फायदा आकडा कमी सांगण्यात होता, ॲपवाल्याचा जास्त सांगण्यात आहे. मोजणारा तोच आणि सांगणाराही तोच. म्हणून '८० लाख' ऐकल्यावर पहिला प्रश्न असा विचारायचा, की हा वहीतला आकडा आहे की मे महिन्यात पैसे दिलेल्यांचा?

'सदस्य' हा शब्द फार सैल आहे. ॲप उतरवून घेतलेला प्रत्येक फोन कोणी मोजतो. कोणी मोबाइल नंबर टाकून नोंदणी केलेल्या सगळ्यांना मोजतो, मग त्यांनी पुढे एक पैसा दिलेला नसला तरी. कोणी ॲप सुरू झाल्यापासून आजवर कधीही पैसे भरलेल्या सगळ्यांची बेरीज दाखवतो. त्यात सोडून गेलेलेही येतात. फुकट चाचणीवर असलेले काही जण धरतात, काही जण धरत नाहीत. अमेरिकेत क्विबी नावाचे ॲप ६ एप्रिल २०२० ला सुरू झाले, पाठीशी १७५ कोटी डॉलरचे भांडवल होते आणि सुरुवातीला ९० दिवस फुकट देऊ केले होते. २१ ऑक्टोबरला त्यांनी दुकान बंद करत असल्याचे जाहीर केले. फुकटच्या काळात आलेल्यांना सदस्य म्हटले की असे होते. आपल्याकडे याच्या जोडीला मोबाइल रिचार्ज आणि ब्रॉडबँडचे पॅक आहेत. पॅकबरोबर अमुक ॲप मोफत, असे आपण रोज पाहतो. तो ग्राहक ॲपच्या आकड्यात बसतो, पण ॲपला त्याच्यासाठी टेलिकॉम कंपनीकडून घाऊक भावाने पैसे मिळतात, आणि तो भाव छापील किमतीच्या जवळपासही नसतो.

मोठ्या कंपन्याही या शब्दाचा वापर आपापल्या सोयीने करतात, आणि त्यात बेकायदा काही नाही, व्याख्या तळटिपेत छापलेली असते. ऑगस्ट २०२२ मध्ये बातमी आली होती की डिस्नेने नेटफ्लिक्सला मागे टाकले: डिस्नेचे २२.११ कोटी, नेटफ्लिक्सचे २२.०७ कोटी. पण डिस्नेच्या बेरजेत डिस्ने प्लस, हुलू आणि ईएसपीएन प्लस या तिन्ही सेवा होत्या, आणि तिन्हींचे एकत्र पॅकेज घेणारे एक घर तिन्हीकडे एकेकदा मोजले जात होते. नेटफ्लिक्सकडे एक चालू, पैसे भरणारे खाते म्हणजे एक. या दोन आकड्यांत तुलना करण्यासारखे काही नव्हतेच, तरी जगभर तसा मथळा झाला.

आता तुमच्या सौभाग्यवतींचा हॉटस्टारचा मुद्दा. तो मेहुण्यांच्या मुद्द्यापेक्षा खूप जवळचा आहे, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घालवतो. १ ऑक्टोबर २०२२ ला संपलेल्या तिमाहीत डिस्ने प्लसचे जगभरात मिळून १६.४२ कोटी सदस्य होते, त्यांतले ६.१३ कोटी हॉटस्टारचे. काही वर्षांच्या आयपीएलवर उभा राहिलेला हा आकडा. अमेरिका आणि कॅनडा मिळून ४.६४ कोटी. नुसते डोके मोजले तर भारत वरचढ. पण डिस्ने त्याच पानावर आणखी एक रकाना छापत असे: दर सदस्यामागे महिन्याचे सरासरी उत्पन्न. अमेरिका-कॅनडात तो होता ६.१० डॉलर, हॉटस्टारचा ०.५८ डॉलर. म्हणजे तेव्हाच्या भावाने पन्नास रुपयांच्याही आत. कागद-पेन्सिल घेऊन गुणाकार करा. ४.६४ कोटी गुणिले ६.१० म्हणजे महिन्याला सुमारे २८ कोटी डॉलर. ६.१३ कोटी गुणिले ०.५८ म्हणजे साडेतीन कोटी. डोकी दीड कोटींनी जास्त आणि पैसा आठपट कमी. त्या तिमाहीत डिस्नेला स्ट्रीमिंगमध्ये १४७ कोटी डॉलरचा तोटा झाला, आणि त्यानंतर काही दिवसांतच कंपनीचे प्रमुख बॉब चापेक यांना जावे लागले, बॉब आयगर परत आले.

यानंतरचे वर्ष मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलके वाटते. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे भारतातले डिजिटल हक्क जून २०२२ च्या लिलावात रिलायन्स गटातल्या व्हायकॉम१८ ने २३,७५८ कोटी रुपयांना घेतले होते. डिस्नेने टीव्हीचे हक्क ठेवले, मोबाइलवरचे सोडले. २०२३ चे सामने त्याच गटाच्या जिओसिनेमा ॲपवर फुकट दिसले आणि हॉटस्टारचे सदस्य भराभर गळाले: ६.१३ कोटींचे सप्टेंबर २०२३ अखेरीस ३.७६ कोटी झाले. वर्षात २ कोटी ३७ लाख गेले. वर्तमानपत्रांत हे पडझडीसारखे छापून आले. पण त्याच सप्टेंबरच्या तिमाहीत डिस्नेचा स्ट्रीमिंगचा तोटा १४७ कोटी डॉलरवरून ३८.७ कोटींवर उतरला होता. इतर देशांत दर वाढवले, खर्चाला कात्री लावली, आणि महागात पडणारा अर्ध्या डॉलरचा ग्राहक धरून ठेवायचा हट्ट सोडला, असे मी त्या आकड्यांचे वाचन करतो. सदस्य घटताहेत आणि तब्येत सुधारते आहे, असे एकाच वेळी होऊ शकते, हे तुमच्या मेहुण्यांना अवश्य दाखवा. आणि सौभाग्यवतींना एवढे सांगा की डिस्नेने इथला धंदा पुरता सोडलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जी संयुक्त कंपनी झाली तिच्यात डिस्नेचा वाटा ३६.८४ टक्के आहे. ताबा मात्र रिलायन्सकडे, हे त्यांचे म्हणणे बरोबर.

याच्या उलट बाजूचे उदाहरण नेटफ्लिक्सचे. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी सांगितले की तिमाहीत २ लाख सदस्य कमी झाले. एका दिवसात शेअर ३५ टक्के कोसळला. खरे तर रशियातली सेवा थांबवल्यामुळेच ७ लाख गेले होते. ते वगळले तर जमेला ५ लाखच होते. पुढच्या तिमाहीत २० लाख कमी होतील असा त्यांचाच अंदाज होता, प्रत्यक्षात ९ लाख ७० हजार गेले. तुमच्यासारख्या नोकरदाराने मात्र यातली एक वेगळी नोंद घ्यावी: मे महिन्यात त्यांनी सुमारे १५० आणि जूनमध्ये ३०० लोकांना कमी केले. कंपनी नफ्यात होती, त्या वर्षी तिचा महसूलही वाढून ३१६० कोटी डॉलरवर गेला, तरी माणसे गेली. त्यानंतर जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आला, पासवर्ड वाटून घेण्यावर बंदी आली आणि २०२४ अखेरीस सदस्य ३० कोटींवर पोचले. त्याच टप्प्यावर त्यांनी दर तिमाहीला सदस्यसंख्या सांगणे थांबवले. महसूल आणि नफ्याकडे बघा, असे त्यांचे म्हणणे. मला ते अर्धे पटते. मोजमाप झाकले गेले की बाहेरच्या माणसाला गळती दिसत नाही, आणि गळती हीच तर या धंद्यातली मुख्य गोष्ट.

गळती म्हणजे त्या लाँगबुकातला 'बं' आणि 'गा'. ८० लाखांपैकी महिन्याला सहा टक्के सोडून जातात असे धरा. म्हणजे दर महिन्याला ४ लाख ८० हजार. आहे त्याच जागी उभे राहायला वर्षात ५७ लाख ६० हजार नवे लोक आणावे लागतील. सरासरी सदस्य सोळा-सतरा महिने टिकेल. गळती बारा टक्के असेल तर आठच महिने. आता तो सदस्य आणायला जाहिरात, सवलत, कॅशबॅक मिळून ४०० रुपये खर्च झाले आणि महिन्याला हातात ४० रुपये पडत असतील, तर दहाव्या महिन्यापर्यंत तो कंपनीला देणेच लागतो. आठव्या महिन्यात गेला तर त्याच्यापायी पैसे गेले. असा सदस्य जितका जास्त, तितकी कंपनी खोलात. शिवाय कितीतरी गळती लोकांच्या मर्जीने होतच नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांचे रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले, तेव्हा अनेकांचे हप्ते नुसतेच अडकले. पाहणारा पाहायला तयार, पण पैसेच कापले गेले नाहीत.

आणि ९९ रुपये म्हणजे ९९ रुपये नव्हेत. त्यात १८ टक्के जीएसटी आहे, तो वजा केला की ८३ रुपये ९० पैसे. ग्राहकाने आयफोनच्या ॲप स्टोअरमधून पैसे भरले तर पहिल्या वर्षी त्यातले ३० टक्के ॲपल ठेवते; उरतात साधारण ५९. गुगल प्लेवरून आला तर १५ टक्के जाऊन ७१. यातून सर्व्हरचे भाडे, मालिका, सिनेमे, जाहिरात आणि तुमचा पगार.

मेहुण्यांचा गुणाकार ताडून बघायची एक सोपी रीत आहे. ८० लाख गुणिले ९९ म्हणजे महिन्याला ७९ कोटी २० लाख, वर्षाला ९५० कोटी. कंपनीचा शेवटचा ताळेबंद मिळवा आणि त्यात सदस्य शुल्काचे उत्पन्न किती आहे ते बघा. समजा ते ४८ कोटी निघाले. भागिले बारा म्हणजे महिन्याला ४ कोटी. भागिले ८० लाख म्हणजे दर सदस्यामागे ५ रुपये. मग समजावे की तुम्हाला दाखवलेले ८० लाख एक तर टेलिकॉमच्या पॅकमधले आहेत, किंवा आजवर आलेल्या-गेलेल्या सगळ्यांची बेरीज आहे. या एका भागाकाराने पडद्यावरच्या मोठ्या अक्षरांतले अर्धे वारे निघून जाते.

नोंदलेली नसली तरी कंपनीचा ताळेबंद मिळतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरले की त्या कंपनीने दाखल केलेली कागदपत्रे पाहता येतात. कागद काहीसा जुना असतो. मार्चअखेरचे आकडे ऑक्टोबरच्या सुमाराला दाखल होतात, कधी आणखी उशिरा. तरी पडद्यावरच्या स्लाइडपेक्षा तो कितीतरी खरा, कारण त्याच्याखाली ऑडिटरची सही असते.

त्यात नफा-तोट्याच्या ओळीवर थांबू नका. या धंद्यात नफा आणि रोकड यांची फारकत होते आणि ती का, हे तुम्ही एडिटर असल्यामुळे चटकन समजेल. तुम्ही आज एक मालिका कापून, जुळवून तयार केली. तिचे पैसे कंपनीने आजच मोजले. पण हिशेबात तो सगळा खर्च आज दिसत नाही. मालिका ही मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसते आणि मग थोडी थोडी करून पुढच्या वर्षांत खर्ची पडते. नेटफ्लिक्स आपल्या अहवालात सांगते की एखाद्या कार्यक्रमाचा सरासरी ९० टक्क्यांहून जास्त खर्च पहिल्या चार वर्षांत खर्ची पडतो. म्हणूनच २०१९ मध्ये त्यांनी १८७ कोटी डॉलरचा नफा दाखवला आणि त्याच वर्षी तिजोरीतून ३३० कोटी डॉलर बाहेर गेले. दोन्ही आकडे खरे. ती तूट त्यांनी रोखे विकून भागवली, कारण बाजार त्यांना कर्ज देत होता. पुढच्याच वर्षी १९० कोटी डॉलर जमेला आले, आणि त्याचे एक मोठे कारण असे की कोविडमुळे जगभर शूटिंग थांबले होते, खर्चच होत नव्हता. म्हणजे भरलेली तिजोरीही कधी कधी रिकाम्या सेटची खूण असते. २०२४ मध्ये मात्र ६९० कोटी डॉलर आले आणि शूटिंगही चालू होते. मी त्या कंपनीची तब्येत सुधारली असे म्हणेन ते त्या वर्षापासून, ३० कोटी सदस्यांच्या बातमीवरून नव्हे.

तुमच्या कंपनीला बाजार असे कर्ज देणार नाही. म्हणून रोख प्रवाहाचे पत्रक उघडा आणि धंद्यातून वर्षात किती रोकड गेली ते पाहा. बँकेतली शिल्लक ३० कोटी आणि महिन्याची तूट ३ कोटी असेल तर दहा महिन्यांचा दाणागोटा आहे. नवा गुंतवणूकदार आला तर पुढे, नाही आला तर तुमची सात तारीख पंधरावर जाईल, मग पुढच्या महिन्यावर.

थकलेल्या देण्यांची वयवारी हे पान मी कधीच चुकवत नाही. २०२१ पासून कंपन्यांना ताळेबंदात दाखवावे लागते की कोणाचे पैसे एक वर्षाच्या आत थकले आहेत, कोणाचे एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जास्त. लघुउद्योगांचे देणे त्यात वेगळे दिसते. निर्माते, डबिंगवाले, सबटायटल करणारी मंडळी, पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओ, सगळे त्या रांगेत असतात. सदस्य वाढताहेत म्हणून सांगणारी कंपनी स्टुडिओचे पैसे दोन-दोन वर्षे देत नसेल तर ती त्यांच्या जिवावर चालली आहे. तुमच्या लाइनीतल्या चार जणांना फोन केलात तरी हे कळेल. अंधेरीत कोणाचे बिल कुठे अडकले आहे हे दृश्यांचे रंग जुळवणाऱ्यापासून साउंडवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. त्यांना सदस्य किती हे विचारू नका, शेवटचे बिल किती दिवसांनी निघाले तेवढेच विचारा.

ऑडिटरच्या अहवालाला 'कारो' नावाचे परिशिष्ट जोडलेले असते, अगदी लहान कंपन्या सोडल्या तर. त्यात तीन गोष्टी शोधा. या वर्षी आणि मागच्या वर्षी रोखीतला तोटा झाला का. पीएफ, टीडीएस, जीएसटी यांपैकी काही सहा महिन्यांहून जास्त थकले आहे का. आणि वर्षभरातली देणी कंपनी भागवू शकेल का, याबद्दल ऑडिटरने काही शंका नोंदवली आहे का. पीएफची खात्री तुम्ही स्वतःही करू शकता. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव टाकून कोणत्या महिन्याचा भरणा कधी आणि किती कर्मचाऱ्यांसाठी झाला हे दिसते. कर्मचाऱ्यांची संख्या वर्षभरात २१० वरून १३० वर आलेली दिसली तर मुलाखतीत कोणी सांगितले नाही ते तुम्हाला कळले.

आता तुमचा स्वतःचा हिशेब, आणि हा वाचून मी जरा चरकलो. आज तुमचा पगार १०० धरला तर नवीन बोली १४०. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे ३५, शेअरमध्ये. रोख उरतात १०५. चाळीस टक्के म्हणून जी वाढ सांगितली जाते आहे ती तुमच्या खात्यात पाच टक्के म्हणून येणार. कर्जाचा हप्ता शेअरमध्ये भरता येत नाही.

त्या शेअरची किंमत मी शून्य धरतो आणि तुम्हीही नोकरीचा निर्णय घेताना शून्यच धरावी असा माझा आग्रह आहे. असे 'शेअर' म्हणजे बहुधा पुढे ठरावीक किमतीला शेअर विकत घेण्याचा हक्क असतो, आणि पहिले वर्ष तर कायद्यानेच काही हातात येत नाही. पुढे हक्क बजावून शेअर घ्याल तेव्हा ठरवलेली किंमत आणि त्या दिवसाचे मूल्य यातला फरक तुमच्या पगारात धरून त्यावर प्राप्तिकर लागतो, सरकारने मान्यता दिलेल्या काही ठरावीक स्टार्टअपना त्यात मुदत मिळते तेवढेच. कर भरायचा रोखीत, आणि शेअर मात्र विकायला बाजार नाही. कंपनी विकली गेलीच, तर बहुतेक करारांत मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे आधी परत जातात आणि उरले तर बाकीच्यांना. चांगले निघाले तर मुलीच्या शिक्षणाला होईल. पण त्यावर घराचे गणित मांडू नका.

तेव्हा जावे का, तर आज समोर ठेवलेल्या अटींवर जाऊ नका, असे मी म्हणेन. स्ट्रीमिंगमध्ये जायलाच नको असे माझे म्हणणे नाही. टीव्हीचा धंदाही पूर्वीसारखा राहिलेला नाही आणि ३६ हे हात बदलायला चांगले वय आहे. या कामात जे नवे शिकायला मिळते ते दहा वर्षांनी कोणी देणार नाही. पण कंपनीशी बोलताना तीन गोष्टी मागा. एक, रोख पगार आताच्यापेक्षा निदान २५ टक्के जास्त, शेअर त्यावर वेगळे. दोन, नोटीस तीन महिन्यांची आणि ती दोन्ही बाजूंना सारखी. म्हणजे त्यांनी काढले तरी तीन महिन्यांचा पगार, आणि हे नियुक्तिपत्रात लिहून. तीन, साधा प्रश्न: ८० लाखांपैकी मागच्या महिन्यात ज्यांच्याकडून तुम्हाला थेट पैसे आले असे किती, आणि ते सहा महिन्यांपूर्वी किती होते? हा प्रश्न विचारताना संकोच करू नका. उत्तर 'गोपनीय आहे' असे आले तर त्याचा राग मानायचे कारण नाही, बहुतेक कंपन्या तेच सांगतील. पण विचारल्यावर समोरचा माणूस शांतपणे 'टेलिकॉमचे इतके, थेट इतके' असे फोड करून सांगू लागला, तर माझा त्या कंपनीवरचा विश्वास ताबडतोब वाढेल. ज्याला स्वतःची वही माहीत आहे तो असा बोलतो.

सध्याच्या संस्थेत तुमची अकरा वर्षे झाली आहेत, म्हणजे ग्रॅच्युइटी बाहेर पडताना मिळेल. ती मिळाली की वेगळी ठेवा, पण राजीनाम्याचा विचार सहा हप्त्यांइतकी रक्कम बचतीतून बाजूला काढल्यावरच करा. नवीन नियुक्तिपत्र सही होऊन हातात येईपर्यंत इथे तोंडीसुद्धा काही बोलू नका.

सात तारखेचे एवढेच, की त्या कंपनीत आज काम करणाऱ्या दोघा-तिघांना भेटा आणि गेल्या बारा महिन्यांत पगार कोणकोणत्या तारखेला झाला ते विचारा. मोबाइलवर बँकेचे मेसेज असतात, त्यांना शोधायला दोन मिनिटे लागतील. बारा तारखा एका कागदावर उतरवून घ्या. रोख प्रवाह आणि देण्यांची वयवारी ही दोन पाने, कारोचे परिशिष्ट आणि हा कागद मला पाठवलात तर मी बसून बघेन आणि तुम्हाला लिहीन.

तुमचा,
सदरलेखक